मक्तबाची घडी

चांदा जिल्ह्याचा इतिहास वाचकांपुढें बहुधा कोटकिल्ल्यांच्या वाटेनें येतो. बल्लारपूरचा किल्ला, चांद्याचा परकोट, हिऱ्यांच्या खाणींमुळें नांवाजलेलें वैरागड, १७५१ मध्यें नागपूरकर भोसल्यांच्या हातीं गेलेलें गोंडांचें राज्य, १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांनीं तोफा डागून घेतलेलें शहर आणि १८५८ मध्यें फांशीं गेलेला बाबूराव शेडमाके, एवढे टप्पे सांगितले म्हणजे त्या प्रांताची ओळख झाली असें आपण समजतों. परंतु लोकजीवनाचा पुष्कळसा भाग कोटाच्या आंत, घराच्या आणि देवळा-मशिदींच्या ओसरीवर घडत असतो. त्याची नोंद बखरींत नसते आणि सरकारी अहवालांतही ती क्वचितच सांपडते. अशा नोंद न झालेल्या संस्थांपैकीं मक्तब ही एक होय. मशिदीची ओसरी, अंथरलेली चटई, पोथी ठेवण्याची लांकडी रिहल आणि पांच ते बारा वर्षांचीं वीस-पंचवीस मुलें, एवढाच तिचा सरंजाम. मुसलमान मुलांना आपल्या धर्माचीं मुळाक्षरें तेथें शिकविलीं जातात. हा वर्ग चांगला चालावयाचा तर त्याची घडी कशी बसवावी लागते, पूर्वीं ती कोणीं कशी बसविली, आणि चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या विरळ वस्तीच्या अरण्यप्रदेशांत ती बसविणें विशेष अवघड कां आहे, ह्याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. मक्तब आणि मदरसा हे दोन शब्द आपल्याकडे सर्रास एकाच अर्थानें वापरले जातात. वस्तुतः मदरसा म्हणजे धर्मशास्त्राची पाठशाळा. तेथें विद्यार्थी दिवसभर, पुष्कळदां वसतिगृहांत राहून, अरबी व्याकरण, हदीस, फिक्ह इत्यादि विषय वर्षानुवर्षें शिकतो आणि अखेर आलिम होऊन बाहेर पडतो. मक्तब म्हणजे मोहल्ल्यांतील तास-दीड तासाचा वर्ग. मूल सकाळीं तेथें जातें, आणि अकरा वाजतां तेंच मूल दप्तर घेऊन नगरपालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेंत बसलेलें असतें. न्यायमूर्ति राजिंदर सच्चर यांच्या समितीनें २००६ च्या अहवालांत हा भेद स्पष्ट केला, आणि शाळेच्या वयाच्या मुसलमान मुलांपैकीं मदरशांत शिकणारीं मुलें शेंकडा तीन-चारच आहेत असें दाखवून दिलें. म्हणजे उरलेल्या बहुसंख्य मुलांना धर्माचें जें कांहीं पद्धतशीर शिक्षण मिळावयाचें, तें मक्तबांत किंवा घरींच मिळणार. असें असतां वर्तमानपत्री वाद मदरशांविषयीं होतो, आणि मक्तबाकडे कोणाचेंच लक्ष जात नाहीं.

ह्या संस्थेचें मूळ इस्लामच्या आरंभकाळांत सांपडतें. इ. स. ६२४ मध्यें बद्रची लढाई झाली. तींत पाडाव झालेल्या मक्केकरांपैकीं ज्यांना खंडणी देण्याची ऐपत नव्हती पण लिहितां येत होतें, त्यांनीं मदीनेंतील दहा दहा मुलांस लिहावयास शिकवावें आणि मोकळें व्हावें, असें ठरल्याची परंपरागत कथा आहे. शिकविणारे ते कैदी मुसलमानही नव्हते, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. पुढें सुमारें दोन शतकांनीं उत्तर आफ्रिकेंतील कैरवान नगरांत इब्न सहनून नांवाचा एक धर्मशास्त्री होऊन गेला. तो इ. स. ८७० मध्यें वारला. मुलांच्या शिक्षकांनीं कसें वागावें ह्या एकाच विषयावर त्यानें एक लहानसा ग्रंथ लिहिला. शिक्षकाचें वेतन कसें ठरवावें, श्रीमंताच्या आणि गरिबाच्या मुलांत भेद कां करूं नये, सुटी केव्हां द्यावी, छडी मारावयाचीच झाली तर तीन छड्यांवर हात कां आंवरावा, असे रोजच्या व्यवहाराचे प्रश्न त्यांत हाताळले आहेत. श्रद्धा असली म्हणजे वर्ग आपोआप चालतो असें ह्या मनुष्यास वाटत नव्हतें. वर्ग नियमांनीं चालतो, हें त्यास अकराशें वर्षांपूर्वीं कळलें होतें.

चौदाव्या शतकांत इब्न खल्दून ह्या प्रसिद्ध इतिहासकारानें आपल्या 'मुकद्दिमा' ग्रंथांत, म्हणजे १३७७ च्या सुमारास, निरनिराळ्या देशांतील बालशिक्षणाची तुलना केली. मगरिबांत मुलांस केवळ कुराण शिकवीत. अंदलुसांत कुराणाबरोबर काव्य, व्याकरण आणि सुलेखन शिकवीत. पहिल्या रीतीनें मुलांचें भाषेवरील प्रभुत्व खुंटतें आणि दुसरीनें तें वाढतें, असा त्याचा निर्वाह आहे. काजी अबू बक्र इब्न अल-अरबी ह्यानें तर आधीं भाषा व गणित आणि मागाहून कुराण असा क्रम सुचविला होता. कारण जें समजत नाहीं तें मुलाकडून घोकून घेणें त्यास पटत नव्हतें. इब्न खल्दूनानें ह्या सूचनेची वाखाणणी केली, पण ती रूढ होणार नाहीं असेंही सांगितलें. मूल लहान आहे तोंवरच तें आईबापांच्या मुठींत असतें. मोठें झाल्यावर तें शिकावयास येईलच याचा भरंवसा नाहीं, म्हणून लोक कुराण आधीं शिकवून घेतात, हें त्याचें उत्तर. समजून शिकावें की वेळेवर शिकावें, हा पेंच सहाशें वर्षांपूर्वींचा आहे, आणि आजही प्रत्येक मक्तबाच्या दारांत तो उभा आहे.

हिंदुस्थानांत ही संस्था मशिदीच्या आश्रयानें वाढली. मूल चार वर्षें, चार महिने आणि चार दिवसांचें झालें म्हणजे 'बिस्मिल्ला' करून त्याच्या हातीं पाटी द्यावयाची, असा पुष्कळ घराण्यांत प्रघात पडला. आपल्याकडील 'श्रीगणेशा'चा हा सोयराच म्हणावयाचा. परंतु आरंभाचा सोहळा मोठा असला तरी पुढील अभ्यास तसाच नीट चाले असें नाहीं. विल्यम ॲडमनें १८३५ ते १८३८ या काळांत बंगाल-बिहारांतील देशी शाळांची पाहणी केली, तेव्हां केवळ अरबी अक्षरांचें वाचन शिकविणाऱ्या कित्येक शाळा त्यास आढळल्या. तेथें शिक्षकासच अर्थ अवगत नसे आणि तसा तो आव आणीतही नसे. उच्चार शुद्ध व्हावा आणि नमाजांतील पाठ चुकूं नये, एवढ्यावर सारें थांबे. यांत हसण्यासारखें कांहीं नाहीं. संध्येचे मंत्र अर्थावांचून पाठ केलेले बटु महाराष्ट्रांत घरोघर होते. पवित्र भाषेंतील पाठ कंठीं असणें यास सर्वच धर्मांत मोल आहे. प्रश्न एवढाच कीं, त्यापुढें कोणती पायरी आहे.

आतां आपल्या प्रदेशाकडे वळूं. चांद्याचे गोंड राजे आपल्याच देवतांचे उपासक राहिले. शेजारच्या देवगडचा राजा बख्त बुलंद मात्र औरंगजेबाच्या काळीं मुसलमान झाला, आणि त्यानेंच अठराव्या शतकाच्या आरंभीं नागपूर वसविलें. भोसल्यांची चाकरी, व्यापार, कारागिरी, मग वरोऱ्याच्या आणि बल्लारपूरच्या कोळशाच्या खाणी, लोहमार्ग, लांकडाच्या वखारी, अशा निरनिराळ्या वाटांनीं मुसलमान कुटुंबें चांद्याकडे आलीं आणि बाजाराच्या गांवीं थोडथोडीं स्थिरावलीं. त्यांची भाषाही एक राहिली नाहीं. चांद्या-वरोऱ्याकडे शेजार मराठीचा. दक्षिणेस गोदावरी-प्राणहितेच्या कांठीं सिरोंच्यास तेलुगूचा. आणि वर्धा नदीच्या पलीकडील राजुरा तालुका तर निजामाच्या हैदराबाद राज्यांत होता. तेथें राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत राजुरा नांदेड जिल्ह्यांत आला आणि १९५९ मध्यें चांद्यास जोडला गेला. पुढें १९८२ च्या २६ ऑगस्ट रोजीं गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला.

ह्या एका नदीनें धर्मशिक्षणाच्या दोन रीति वेगळ्या ठेवल्या होत्या. हैदराबादेंत १९१८ मध्यें उर्दू माध्यमाचें उस्मानिया विद्यापीठ निघालें, आणि तेथें मुसलमान विद्यार्थ्यांस 'दीनियात' व इतरांस नीतिशास्त्र हा विषय आवश्यक होता. म्हणजे धर्मशिक्षणाची जबाबदारी तेथें राज्य उचलीत होतें. अलीकडच्या तीरावर इंग्रजी अमलांत सरकारी शाळा धर्मापासून अलिप्त. लॉर्ड मेयोच्या सरकारनें १८७१ मध्यें मुसलमानांच्या शिक्षणासंबंधीं ठराव केला, आणि १८८२ च्या हंटर आयोगानें मुसलमानांच्या देशी शाळांनीं लौकिक विषय घ्यावे म्हणून त्यांस सढळ उत्तेजन द्यावें अशी शिफारस केली. शिफारशीचा रोख योग्य होता; मक्तबासच हळूहळू शाळा करावें असा तो होता. परंतु ज्या गांवीं मुसलमानांचीं दहा घरें, तेथें वेगळी शाळा कोठून निघणार? तेथें मूल मराठी शाळेंत जाणार आणि धर्माचे पाठ मशिदींत घेणार, हाच एक मार्ग उरला.

१९३७ मध्यें हा प्रश्न चांद्याच्या अगदीं शेजारीं येऊन उभा राहिला. त्या वर्षीं २२ व २३ ऑक्टोबर रोजीं वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद् भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें मूलोद्योगी शिक्षणाची योजना आंखली. तींत धर्माचें शिक्षण वगळलेलें होतें. धर्म आज ज्या रीतीनें शिकविले व आचरिले जातात त्यांतून ऐक्यापेक्षां कलहच वाढतो, अशी भीति गांधीजींनीं त्याचें कारण म्हणून बोलून दाखविली. त्याच सुमारास मध्यप्रांतांत पंडित रविशंकर शुक्ल यांची 'विद्यामंदिर' योजना निघाली. गांवच्या दात्यानें जमीन द्यावी आणि तिच्या उत्पन्नांतून शिक्षकाचें वेतन चालावें, ही तिची मूळ कल्पना. वक्फाची रीति जाणणाऱ्या मुसलमानांस ती परकी वाटण्याचें कारण नव्हतें. परंतु वाद पेटला तो मुख्यतः 'मंदिर' ह्या शब्दावरून आणि भाषेवरून, आणि १९३९ मध्यें मुसलमानांकरितां निराळ्या नांवाच्या शाळांची तडजोड काढावी लागली. शिक्षकास पोटापुरतें कसें द्यावें ह्या मूळ प्रश्नावर जें नीट उत्तर सांपडूं पाहत होतें, तें नांवाच्या भांडणांत दिसेनासें झालें. ही गोष्ट दोन्ही पक्षांस बोधप्रद आहे.

१९५० मध्यें राज्यघटना अमलांत आली आणि अठ्ठाविसाव्या कलमानें, सर्वस्वीं सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेंत धार्मिक शिक्षण द्यावयाचें नाहीं, हें कायम ठरलें. आतां वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवर एकच स्थिति झाली. शाळा राज्याची आणि धर्मशिक्षण समाजाचें, अशी वांटणी झाल्यावर समाजानें आपला वांटा कसा उचलावा हा प्रश्न होता. जमीयत-उल-उलेमा-ए-हिंद ह्या संस्थेनें पहिल्या पांच-सहा वर्षांतच मुंबईस परिषद् भरवून ह्या कामाकरितां मंडळ नेमलें. उत्तर प्रदेशांत १९५९ च्या डिसेंबरांत बस्ती येथें काजी अदील अब्बासी यांच्या पुढाकारानें दीनी तालीमी कौन्सिल निघाली, आणि गांवोगांवच्या मक्तबांस एका सूत्रांत ओंवण्याचा उद्योग सुरू झाला.

परंतु सर्वांत पक्की घडी बसली ती मलबारांत. तेथें पूर्वीं 'ओत्तुपळ्ळि' नांवाच्या पाठशाळांत मुलें एकेक आयत घोकीत. चालिलकत कुंजहमद हाजी (१८६६–१९१९) ह्या सुधारकानें वाळक्काड येथें फळा, इयत्ता आणि क्रमवार पुस्तकें आणलीं. पुढें १९५१ मध्यें समस्त केरळ इस्लाम मत विद्याभ्यास मंडळ स्थापन झालें. आज त्याच्याशीं दहा हजारांहून अधिक मदरसे संलग्न आहेत. नांव मदरसा असलें तरी हे आपल्या अर्थानें मक्तबच. कारण मुलें पहांटेच तेथें जाऊन मग सरकारी शाळेंत जातात. एकच अभ्यासक्रम, एकच पुस्तकें, ठराविक इयत्तांस सार्वजनिक परीक्षा, आणि वर्ग पाहत फिरणारे तपासनीस, ही त्यांची रचना. केरळांतील मुसलमान मूल शाळेपासून वंचित राहिलें नाहीं, याचें एक कारण तेथील मक्तबानें शाळेची वेळ कधीं अडविली नाहीं, हें होय.

इयत्ता आणि फळा यांस आम्ही इतकें महत्त्व कां देतों, तें एका साध्या हिशेबानें पटेल. समजा, एका मक्तबांत तीस मुलें आहेत आणि वेळ एक तास. जुन्या रीतीप्रमाणें प्रत्येक मूल उस्तादासमोर येऊन आपला सबक म्हणून दाखवितें, आणि बाकीचीं जागच्या जागीं डुलत राहतात. साठ मिनिटांस तिसांनीं भागिलें तर एकेकाच्या वांट्यास उस्तादाचीं दोन मिनिटें येतात. वर्षांत दोनशें दिवस वर्ग भरला तरी हीं चारशें मिनिटें झालीं. म्हणजे सात तासही पुरते नाहींत. आतां तींच तीस मुलें पायरीप्रमाणें पांच तुकड्यांत विभागलीं, आणि प्रत्येक तुकडीस बारा मिनिटें फळ्यावर शिकविलें, तर प्रत्येक मुलास वर्षाला चाळीस तास शिकवणें मिळतें. उस्ताद तोच, ओसरी तीच, पैसाही तेवढाच. बाकीच्या तुकड्यांकडून तोंवर थोर मुलानें, ज्यास मक्तबांत 'खलीफा' म्हणत, सराव करून घ्यावा. ही युक्तीही ह्याच देशांतली. अँड्र्यू बेल ह्या पाद्र्यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेस देशी शाळा पाहून मुलांकडून मुलांस शिकविण्याची पद्धति उचलली, आणि ती इंग्लंडांत नेऊन गाजविली.

इयत्तेबरोबर क्रमवार पुस्तकही पाहिजे. अक्षरओळखीचा 'नूरानी कायदा', जो लुधियान्याच्या मौलवी नूर मुहम्मद यांच्या नांवानें ओळखला जातो, तो अशा पायऱ्यांनींच रचलेला आहे: सुटीं अक्षरें, जोडाक्षरें, जबर-जेर-पेश हे स्वर, आणि मग शब्द. मुफ्ती किफायतुल्ला यांचें चार भागांचें 'तालीमुल इस्लाम' प्रश्नोत्तररूपानें आचारधर्म सांगतें. इंडोनेशियांत योग्यकार्ता येथें असद हुमाम यांनीं सहा लहान पुस्तिकांची 'इक्रो' नांवाची माला काढली, आणि १९९० च्या सुमारास ती त्या देशभर पसरली. पूर्वीं ज्या वाचनास मुलांचीं वर्षें जात, तें कांहीं महिन्यांत साधूं लागलें. तात्पर्य, अक्षरांची पवित्रता कायम ठेवूनही शिकविण्याची रीति बदलतां येते. रीतीस पवित्र मानूं लागलें म्हणजे मुलांचा वेळ वांयां जातो.

येथपर्यंत सांगितलेली घडी कोठल्याही गांवीं बसूं शकेल. चंद्रपूर-गडचिरोलीस मात्र आणखी तीन अडचणी आहेत. पहिली अडचण संख्येची. २०११ च्या खानेसुमारींत गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या १०,७२,९४२ होती आणि क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. मुसलमानांचें प्रमाण शेंकडा दोनांच्या आसपास. म्हणजे चौरस किलोमीटरास सरासरी दीड माणूस! चंद्रपूर जिल्ह्यांत हें प्रमाण शेंकडा चारांच्या आसपास असल्यामुळें, आणि चंद्रपूर-बल्लारपूरसारखीं मोठीं शहरें असल्यामुळें, तेथें मोहल्ल्याचा वर्ग भरूं शकतो. परंतु अहेरी-एटापल्लीकडील बाजारगांवीं चार-सहा घरांवर उस्ताद कोण ठेवणार? पावसाळ्यांत पर्लकोटेस पूर आला म्हणजे भामरागडची वाट बंद होते. तेथें रोजचा वर्ग ही कल्पनाच चालणार नाहीं. अशा ठिकाणीं आठवड्याचा वर्ग हाच उपाय दिसतो. इंग्लंडांत १७८० मध्यें ग्लॉस्टर येथें रॉबर्ट रेक्स यानें सहा दिवस राबणाऱ्या मुलांकरितां रविवारच्या शाळा चालविल्या, त्या अशाच अडचणींतून. आपल्याकडे आठवडी बाजाराच्या दिवशीं आसपासचीं कुटुंबें एका गांवीं येतातच. त्याच दिवशीं दोन तासांचा वर्ग ठेवून पुढील आठवड्याचा पाठ आईच्या स्वाधीन करतां येईल. मौलाना मुहम्मद इलियास यांनीं मेवातांत आधीं मक्तब काढले, पण घरांतील थोर माणसें कोरीं राहिलीं तर मुलाचें शिकणें टिकत नाहीं असें आढळून आल्यावर ते १९२० नंतरच्या दशकांत प्रौढांकडे वळले. घरावांचून वर्ग तरत नाहीं, हा त्या अनुभवाचा अर्थ.

दुसरी अडचण वेळेची. विदर्भाचा उन्हाळा वाचकांस सांगावयास नको. ऊन तापूं लागलें म्हणजे शाळा सकाळच्या होतात, आणि तीच मक्तबाची वेळ. त्या दिवसांत मक्तब संध्याकाळीं न हलविला तर मुलास दोहोंपैकीं एक बुडवावें लागतें. बहुधा मक्तब बुडतो. कधीं शाळा बुडते. दोहोंचेंही वेळापत्रक समोर ठेवून वर्षारंभींच महिन्यांची वांटणी करणें, हें काम मौलवीचें नसून मोहल्ल्याच्या समितीचें आहे. त्यास खर्च लागत नाहीं.

तिसरी अडचण भाषेची, आणि आमच्या मतें हीच सर्वांत खोल आहे. मूल शाळेंत मराठी वाचतें, सिरोंच्याकडे कानांवर तेलुगू पडतें, घरीं दखनी वळणाची उर्दू बोललें जातें, आणि मक्तबांत अरबी अक्षर व उर्दू पुस्तक. ज्यास उर्दू वाचतां येत नाहीं, त्यास उर्दू पुस्तकांतून धर्म समजावणें म्हणजे एका बंद कुलुपाची किल्ली दुसऱ्या बंद पेटींत ठेवणें होय. पाठ अरबींतच राहील, राहिलाही पाहिजे. परंतु अर्थ मुलाच्या वाचनाच्या भाषेंतून सांगितल्यावांचून इब्न अल-अरबीचा आक्षेप टळणार नाहीं. मलबारांत हें काम अरबी लिपींत लिहिलेल्या मलयाळमनें केलें. मराठीस हें जमणार नाहीं असें म्हणणाऱ्यानें श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचें स्मरण करावें. मुसलमान घरांत जन्मलेल्या ह्या संतानें 'योगसंग्राम' मराठींत लिहिला. पवनारास राहून विनोबांनीं अरबी मुळाचा अभ्यास केला आणि पुढें 'कुराणसार' सिद्ध केलें. आज कुराणाचीं मराठी भाषांतरें आणि इस्लामी आचारावरील मराठी पुस्तकें मुंबईहून निघतात. सामग्री आहे, ती मुलांच्या इयत्तांप्रमाणें बसवावयाची राहिली आहे. उर्दूवर प्रेम करणाऱ्यांनीं ह्यांत उणेपणा मानूं नये. उर्दू शिकवावयाची तर ती भाषा म्हणून, स्वतंत्र तासास, चांगली शिकवावी. धर्म समजण्याची ती आडकाठी होऊं देऊं नये.

राहतां राहिला उस्ताद. इब्न खल्दूनानें आपल्या काळचा शिक्षक दुबळा आणि निर्धन असल्याचें लिहून ठेवलें आहे, आणि त्यांत आजही फारसा फरक पडलेला नाहीं. लहान मशिदीचा पेशइमाम पांच वेळच्या नमाजाबरोबर मक्तबही संभाळतो, आणि अधिक मानधनाची जागा मिळतांच निघून जातो. तो गेला कीं मुलांचे पाठ जेथल्या तेथें राहतात. नवा उस्ताद पुन्हां अलिफपासून आरंभ करतो. हजेरीपट आणि प्रगतीची नोंदवही असती तर हें टळलें असतें. देवबंदच्या दारुल उलूमची १८६६ मध्यें स्थापना झाली, तेव्हां संस्थापकांनीं सरकारी देणगीपेक्षां सामान्य लोकांच्या लहान लहान वर्गण्यांवर भिस्त ठेवली, ठराविक वर्ग व वार्षिक परीक्षा चालू केल्या, आणि जमाखर्चाचे छापील अहवाल लोकांपुढें ठेवले. विश्वास अहवालानें वाढतो आणि वर्गणी विश्वासानें येते. दहा घरांच्या मोहल्ल्यासही हें करतां येईल. मुलींकरितां शिकलेल्या स्त्रीची, जिला मुलें 'आपा' म्हणतात, वेतन देऊन नेमणूक केली तर आणखी एक लाभ होतो: इमाम बदलला तरी आपा गांवींच राहते, आणि वर्गाचा धागा तुटत नाहीं.

कोणी म्हणेल, ह्या सर्व उद्योगापेक्षां मुलास शाळाच पुरे. धर्माचे वर्ग मुलांना एकमेकांपासून दूर नेतात. गांधीजींसही ही भीति वाटत होती, म्हणून ती झटकून टाकण्यासारखी नाहीं. परंतु वर्ग नसल्यानें धर्म नाहींसा होत नाहीं. तो केवळ अव्यवस्थित रीतीनें, ऐकीव गोष्टींतून आणि रागाच्या भाषणांतून शिकला जातो. शिवाय ज्या बापास जवळ चांगला मक्तब सांपडत नाहीं, पण मुलानें धर्म शिकावा अशी ज्याची तळमळ आहे, तो कधीं कधीं आठ-नऊ वर्षांच्या पोरास परप्रांतांतील वसतिगृहांत पाठवितो. मग त्या पोराची मराठी शाळा सुटते, शेजारचे सवंगडी सुटतात, आणि आईही सुटते. जो वर्ग घराशेजारीं भरतो, ज्याची वेळ शाळेशीं जुळते आणि ज्याचा अर्थ मुलास कळतो, तोच मुलास शाळेंत, गांवांत आणि शेजाऱ्यांत टिकवितो. मलबारचा इतिहास हेंच सांगतो.

धर्मशिक्षणाच्या बाजूनें आणि विरुद्ध जितकें बोललें गेलें आहे, त्याचा अल्प अंश जरी त्याच्या व्यवस्थेवर खर्च झाला असता, तरी आज पुष्कळ काम झालें असतें. हजेरीपट, पांच तुकड्या, मराठींत अर्थ सांगणारें एक पुस्तक, ऋतूप्रमाणें बदलणारी वेळ आणि महिन्याच्या महिन्यास पोंचणारें वेतन, ह्या लहान गोष्टी आहेत. मोठ्या परिषदांतून त्यांचे ठराव होत नाहींत आणि कोणत्याही पक्षास त्यांवर भांडण करतां येत नाहीं. म्हणूनच त्या प्रत्येक गांवच्या हातांतल्या आहेत. रोज एक तास, वर्षाला दोनशें दिवस आणि अशीं पांच वर्षें, म्हणजे हजार तास मुलाच्या बाळपणांतून मक्तब घेत असतो. ते तास कोणाचेही असले तरी मुलाचे आहेत, आणि त्यांचा हिशेब देणें हें मोठ्यांचें कर्तव्य आहे.